बाईंचा अपुरा अभिप्राय

आमच्या वाचनालयात पुस्तकावर शिक्का मारायचा तो तीन ठिकाणी. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि पस्तिसाव्या पानावर. पस्तिसावं पान ही आमची गुपित खूण. कोणी पहिलं-शेवटचं पान फाडून पुस्तक ढापलंच, तर पस्तिसावं उघडायचं, चोर सापडला. आता तुम्हाला सांगून बसले, म्हणजे पान बदलणं आलं. दुसरा नियम असा, की शिक्का कोऱ्या जागेवरच मारायचा. मजकुरावर नाही, चित्रावर तर मुळीच नाही. सव्वीस वर्षं मी हेच करतेय, झोपेतून उठवलं तरी करीन. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जी वाट लागली ती या नियमांमुळे लागली, माझ्या मूर्खपणामुळे नाही. निदान घरी तरी मी असंच सांगते.

वाचनालय चारकोपला, एका सेक्टरातल्या इमारतीच्या तळमजल्यावर. खोल्या दोन. मोठ्या खोलीत पुस्तकं आणि पेपर वाचणारे काका लोक, छोट्या खोलीत कुमार विभाग. विभाग म्हणजे काय, चार कपाटं, एक गोल टेबल आणि कुमार शून्य. सातवीपर्यंत मुलं येतात, आईचं बोट धरून. आठवी लागली की क्लास सुरू. त्यानंतर माणूस उगवतो तो थेट साठीला, पेपर वाचायला. मधली पन्नास वर्षं कुठे असतो, देव जाणे.

आमचे कार्यवाह म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक सज्जन गृहस्थ. ते एकदा फाइल मिटून म्हणाले, "छोट्या खोलीत अभ्यासिका करू या. स्पर्धा परीक्षेची मुलं बसतील. पंखा तरी फुकट फिरणार नाही." वार्षिक सभेत तसा ठराव आणायचं ठरलं. अभ्यासिका वाईट असं मी म्हणत नाही. पण तिथे तोंड मिटून बसायचं असतं. मी नववीत असताना आमच्या बोरिवलीच्या दीड खोलीत सात माणसं राहायची, आणि मी तासन्‌तास एका वाचनालयाच्या अशाच छोट्या खोलीत पडीक असायचे. तिथे मोठ्याने हसलं तरी कोणी हाकलत नव्हतं. मी या नोकरीत आले ती त्या खोलीमुळे. चारकोपची खोली माझ्या डोळ्यांदेखत जाणार, या विचाराने मला चार दिवस जेवण गोड लागलं नाही.

नेमका तेव्हाच आमचा एक जुना सभासद परदेशातून आला, आईवडिलांचं घर आवरायला. जाताना त्याने वाचनालयाला एक मोठा टीव्ही, गेमचं मशीन आणि दोन कंट्रोलर दिले. अट एकच, कुमार विभागातच ठेवायचं. "चार गेम तुम्ही निवडा मॅडम, मी घेऊन देतो," म्हणाला. कार्यवाहांनी चष्मा वर केला, खाली केला. "ठीक आहे. सभेपर्यंत बघू. गेम सुरू झाले, मुलं आली, तर खोली राहिली. नाहीतर अभ्यासिका." सभेला दोन महिने होते. मी म्हटलं, झकास, दोन महिने म्हणजे काय थोडे झाले?

पण आमच्याकडे एक पद्धत आहे. वाचनालयात कुठलंही नवं पुस्तक दोन अभिप्रायांशिवाय कपाटात जात नाही. निवड समितीच्या दोन सदस्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं आणि चिठ्ठीवर अभिप्राय लिहून सही करायची. कागदावर समिती पाच जणांची आहे. प्रत्यक्षात एक मी आणि दुसऱ्या बाई.

बाई म्हणजे माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आम्हाला मराठी शिकवायच्या. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, दोन सेक्टर सोडून राहतात. मी पन्नाशीला टेकले तरी त्या दारात दिसल्या की हातातला चहाचा कप टेबलाखाली ठेवते. शाळेत वहीवर तारीख घातली नसली की बाई न तपासता वही परत करायच्या. आपण त्यांच्या टेबलासमोर दोन्ही हातांत वही धरून उभं राहायचं, आणि त्या मान वर न करता म्हणायच्या, "तारीख राहिली." त्यांचे अभिप्राय एका ओळीचे असतात. एका जाडजूड कादंबरीवर त्यांनी लिहिलं होतं, "बरी आहे. एक्याण्णवाव्या पानावर लेखकाला झोप लागली आहे."

गेमना हा नियम लागणार नाही असं मी आपलं गृहीत धरलं होतं. बाई म्हणाल्या, "नियम पुस्तकाचा नाही, कपाटाचा आहे. कपाटात जाईल ते दोघांनी संपवलेलं हवं."

"अहो बाई, पण तो खेळ आहे!"

"मग खेळून संपवू."

गेम घ्यायला मी बोरिवलीला एका दुकानात गेले. दुकानदार पोरगेलासा. म्हणाला, "आंटी, किसके लिए चाहिए? बेटे के लिए?" मी म्हटलं, "नहीं, हेडमिस्ट्रेस के लिए." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला पुढचं काही समजावून सांगावंसंच वाटेना. डब्यांवर वयाचे आकडे छापलेले असतात हे मला तिथे कळलं, आणि फार बरं वाटलं. पुस्तकांवरही असते तर किती लोकांचा वेळ वाचला असता! बंदुकांचे गेम मी बाजूला केले. ज्यात एकालाच खेळता येतं आणि बाकीच्यांनी जांभया द्यायच्या, तेही बाजूला. एक फुटबॉलचा घेतला, एक मोटारींच्या शर्यतीचा, एक दोघांनी मिळून पूल बांधायचा. चौथा खरं तर एकट्याने खेळायचा होता, पण त्यात गोष्ट होती आणि गोष्ट म्हटली की मी पाघळते. एका दीपगृहवाल्याची मुलगी होडी घेऊन निघते, सहा बेटांवरचे विझलेले दिवे लावते आणि हरवलेल्या बापाला शोधते.

दाखल नोंदवहीत भरताना माझी करमणूक झाली. लेखक? शेवटी चारशे नावं सरकत जातात म्हणे, मी "अनेक" लिहिलं. पृष्ठसंख्या? "लागू नाही". विषयाचा वर्गांक मात्र सापडला, अगदी बुद्धिबळाच्या शेजारचा. आपल्या आधी कोणीतरी या सगळ्याचा विचार करून ठेवलाय, हे बघून मला धीर आला.

आता प्रश्न होता मशीन चालवायचं कोणी. तो परस्पर सुटला. गावठाणातली एक कोळ्यांची मुलगी, नववीतली, धाकट्या भावाचं चित्रांचं पुस्तक परत करायला आली होती. तिची आई मार्केटात मासळी विकते, आणि शाळा सुटल्यापासून आई उठेपर्यंत ही तिथेच टोपलीशेजारी बसून असायची. तिने टीव्ही बघितला आणि पुस्तक द्यायचंच विसरली.

"मॅडम, हा चालू आहे?"

"अजून नाही. परीक्षण चालू आहे."

"मग मी करते ना परीक्षण!"

दुसऱ्या दिवसापासून ती शाळा सुटली की तडक येऊ लागली. चार वाजता बाई यायच्या, त्याआधी ती स्वतः तासभर खेळून घ्यायची. मग बाईंची शिकवणी. बाईंनी कंट्रोलर धरला तो काठोकाठ भरलेला कप धरावा तसा. पहिला आठवडा होडी नुसती खडकांवर आपटत होती.

"आजी, डावा अंगठा, डावा! तुम्ही उजवा दाबताय."

"मी कोणाची आजी नाही. बाई म्हण."

"बरं बाई. आता तरी डावा दाबा."

मी तिकडे कपाटाआड पदर तोंडाला लावून हसत होते. चाळीस वर्षांत बाईंना असं कोणी बोललं नसेल. पण बाई निमूट डावा दाबत होत्या. दुसऱ्या बेटावर पोचल्या तेव्हा त्यांनी पर्समधून दोन लिमलेटच्या गोळ्या काढल्या, एक तिला दिली, एक स्वतः खाल्ली. मला नाही.

पोरगी गेमवर टीका करण्यात वस्ताद होती. "हे बघा, वारा समोरून येतोय आणि शीड फुगलंय पुढे! माझ्या बाबाला दाखवलं ना, हसून हसून मरेल." नाहीतर, "जाळं असं टाकतात काय? हिला एक बोंबील मिळणार नाही." पहिल्यांदा मी दटावलं, पण बाई म्हणाल्या, "बोलू नकोस, लिही. वही आण. आणि वर तारीख घाल." तेव्हापासून पोरीच्या दप्तरात एक वेगळी वही आली.

बाकीचे तीन गेम तरी पटकन उरकू या म्हणून मी गळ घातली. छे! "एक संपल्याशिवाय दुसरं हातात घेत नाही. साठ वर्षांची सवय आहे." म्हणजे चारही गेम अडकले त्या एका होडीपायी. खिडकीच्या जाळीला पोरं लटकायची, "कधी सुरू होणार?" म्हणून विचारायची, आणि मी म्हणायचे, "बाई पाचव्या बेटावर आहेत." काही दिवसांनी तीच पोरं रस्त्यात बाईंना गाठून विचारू लागली, "बाई, कितव्या बेटावर?"

आणि अशात मी तो पराक्रम केला. दुपारी जरा निवांत होते, म्हटलं दाखल झालेल्या वस्तू आहेत, शिक्के मारून टाकू. डब्याच्या पुढे एक मारला, मागे एक मारला. राहिला पस्तिसाव्या पानाचा. होडीच्या गेमची तबकडी, म्हणजे ती डिस्क, मशीनमधून काढली. एका बाजूला सुंदर चित्र होतं, दिवा आणि समुद्र. चित्रावर शिक्का मारायचा नाही. दुसरी बाजू कोरी, नुसती चकचकीत. तिच्यावर मी छान दाबून गोल जांभळा शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला आणि तबकडी परत आत सरकवली.

चार वाजता मशीन म्हणालं, तबकडी वाचता येत नाही. पोरीने ती बाहेर काढली, उलटी केली आणि किंचाळली. "मॅडम! हे काय केलंत!"

बाईंनी चष्म्यातून शिक्का वाचला. मग माझ्याकडे बघितलं. "मजकूर कुठल्या बाजूला होता?"

"कोऱ्या बाजूला, बाई."

"शाळेतही तू प्रश्नपत्रिका उलटून बघायची नाहीस."

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात पोरीने माझा खण उघडला. करोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली त्यात अजून पडून होती. बाईंनी चष्मा पुसायचं मऊ फडकं दिलं. मी हात पुढे केला तर पोरगी म्हणाली, "तुम्ही लांब बसा, मॅडम. गोल नाही पुसायचं, आतून बाहेर सरळ पुसायचं." बाई शेजारी उभ्या राहून विचारत होत्या, "पण माझी वाचलेली पानं? ती पुसली जाणार का गं?" ती म्हणाली, "नाही बाई, ती मशीनमध्ये जपून असतात." शिक्का गेला, थोडीशी जांभळी छटा राहिली. तबकडी फिरली, समुद्राचा आवाज आला, आणि आम्ही तिघी एकदम खुर्च्यांत बसलो.

सहावं बेट मात्र अवघड निघालं. वादळ असतं, आणि दोन्ही अंगठे एकाच वेळी भराभर चालवावे लागतात. बाईंचा उजवा अंगठा आता पुरता वाकत नाही, सांधा धरलाय. रोज त्या बसायच्या, रोज होडी बुडायची. त्या "परत" म्हणायच्या आणि पोरगी परत लावून द्यायची. मी खिडकीतून बघायचे आणि कॅलेंडर बघायचे. सभा रविवारी होती.

शुक्रवारी पोरगी हळूच म्हणाली, "बाई, द्या इकडे. मी पार करून देते, मग तुम्ही दिवा लावा. कोणाला कळणार?"

"मला कळेल," बाई म्हणाल्या. "शेवटचा धडा दुसऱ्याने वाचायचा आणि सही मी करायची, हे होणार नाही."

शनिवारी होडी शेवटची बुडाली तेव्हा त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला, चिठ्ठी मागितली आणि तिच्यावर लिहिलं, "अपूर्ण."

माझा तोल गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंवर आवाज चढवला. "बाई, एका अंगठ्यापायी खोली जाईल! दोन महिने पोरं जाळीला लटकतायत. एवढं काय हो त्या नियमाचं?" बाईंनी पेनला टोपण लावलं, चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि निघून गेल्या. मी कपाटामागे जाऊन रडले, सांगायला लाज कसली! खोलीसाठी रडले, आणि बाईंना असं बोलले म्हणूनही रडले.

रविवारी सभेला तीसेक माणसं आली. चहा, वेफर, मागच्या सभेचं इतिवृत्त. मग कार्यवाहांनी विषय काढला. त्यांचाही आवाज जड झाला होता, खोटं कशाला बोलू. "एकाही गेमला दोन अभिप्राय मिळालेले नाहीत. तेव्हा ठरल्याप्रमाणे…"

बाई उभ्या राहिल्या. चिठ्ठी काढून त्यांनी सभेला दाखवली. "खेळ अपूर्ण. दोष खेळाचा नाही, वाचकाचा. नियमाप्रमाणे मी संमती देऊ शकत नाही." मी खाली मान घालून फरशीकडे बघत बसले. झालं, संपलं.

"आता वाचनालयाची घटना काढा," बाई म्हणाल्या. "निवड समितीच्या सदस्याला वयाची अट आहे का?"

कार्यवाहांनी पानं उलटली, परत उलटली. "नाही. अशी काही अट दिसत नाही."

"मग मी माझी जागा सोडते. तिथे हिला घ्या. हिने चारही खेळ संपवलेत, आणि अभिप्राय लेखी आहेत. तारखेसकट."

दाराशी ती पोरगी उभी होती, शाळेच्या गणवेशात, रविवार असून. छातीशी ती वही. मासळीबाजारातून तिची आईही आली होती, मागे पदर सावरत उभी. कार्यवाह म्हणाले, "पण बाई, ही तर नववीत आहे."

"तुम्ही हे खेळ कितव्या इयत्तेत संपवलेत?"

सगळी सभा हसली, कार्यवाह सर्वांत मोठ्याने. "सूचक?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "मी." "अनुमोदक?" मी दोन्ही हात वर केले. माझे स्वतःचे अभिप्राय तर कधीचे तयार होते, रोज सकाळी वाचनालय उघडायच्या आधी बसून चारही गेम मी संपवले होते. पोरीने तिथेच टेबलावर वाकून चार चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. होडीच्या चिठ्ठीवर लिहिलं, "गोष्ट चांगली. होडी चुकीची. घ्यावा."

अभ्यासिकेचा ठराव पुढे ढकलला, तो अजून तिथेच आहे. छोट्या खोलीत आता इतका गोंगाट असतो की पेपरवाले काका कानात कापूस घालून येतात, पण येतात. गोल टेबलाशी एक पाटी आहे. तिच्यावर नावं लिहायची, प्रत्येकाला वीस मिनिटं. पाटी पोरीच्या ताब्यात. मागच्या महिन्यात मी मोठ्या हौसेने एक गेम निवडला होता, गणिताची कोडी वगैरे. तिची चिठ्ठी आली, "नापास. खेळाच्या नावाखाली शिकवायला बघतो." मी भांडले. काही उपयोग झाला नाही.

बाई मंगळवारी आणि गुरुवारी येतात, साध्या सभासद म्हणून. पाटीवर नाव लिहून आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसतात. माझ्या त्या ओरडण्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "पाळी कोणाची आहे बघ."

परवा एका गुरुवारी बाईंनी ते वादळ पार केलं. कंट्रोलर मांडीवर आडवा ठेवून, उजव्या अंगठ्याऐवजी अख्खा तळवा वापरून. पंधरा-सोळा पोरं मागे उभी राहून "उजवीकडे, बाई, उजवीकडे!" म्हणून ओरडत होती. सहावा दिवा लागला. पोरांनी खोली डोक्यावर घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई पडद्याकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "माझी चिठ्ठी काढ."

मी फाइलमधून काढून दिली. "अपूर्ण"वर त्यांनी एक सरळ रेघ मारली, खाली लिहिलं, "पूर्ण. घ्यावा." सही केली. पण त्या आता समितीवर नव्हत्या. दुरुस्तीला सदस्याची सही लागते. चिठ्ठी घेऊन त्या उठल्या आणि गोल टेबलापाशी गेल्या.

पोरगी पाटीवर कोणाचं तरी नाव लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "एक मिनिट, बाई."

बाई थांबल्या. चिठ्ठी दोन्ही हातांत धरून टेबलासमोर सरळ उभ्या राहिल्या.

पोरीने खडू ठेवला, हात पुसले, चिठ्ठी घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली. मग ती हसली आणि चिठ्ठी परत बाईंच्या हातात दिली.

"तारीख राहिली, बाई."